मास्तर गल्लीचं मागचं दार

"आखाजीले? बठ्ठा वर्षमां तुम्हाले आखाजीच सापडनी?" हेमलताबाईंनी पुरणाची डाळ निवडता निवडता विचारलं.

प्रेमराज सर चष्मा पुसत बसले होते. इतिहासाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते चष्मा फार पुसत. "मी नाही निवडली. वना मास्तर ज्या दिवशी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटले, तो दिवस आखाजीचा होता. क्रांती झाली ती तिथीप्रमाणे झाली. मी काय करू?"

"जे करनं ते करा. पन जेवाले घरच या. पितरसले घास तुम्हना हातनाच लागस."

सरांनी मान हलवली. बाईंचं म्हणणं खरं होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खानदेशात माणसाला जेवल्याशिवाय दारावरून पुढे जाऊ देत नाहीत. पण नाशिकच्या पर्यटन खात्यातल्या सुलक्षणा मॅडमनी पाहणीची तारीख पक्की केली होती. मॅडम मूळच्या कोकणातल्या. अक्षय्य तृतीया म्हणजे गुंजभर सोनं घ्यायचा दिवस, एवढीच त्यांची समजूत होती.

जुन्या धुळ्यात पांझरेच्या काठाला एक बोळासारखी गल्ली आहे. कागदोपत्री तिला नंबर आहे, लोक तिला मास्तर गल्ली म्हणतात. बेचाळीसच्या चळवळीनंतर वना मास्तर नावाचे एक भूमिगत गृहस्थ या गल्लीत चोरून पत्रकं छापत. पोलिसांचा वेढा पडला तेव्हा ते घरांच्या धाब्यांवरून उड्या मारत, गोळ्या चुकवत, गल्लीच्या टोकाच्या घरातल्या लहानशा मागच्या दारातून नदीत उतरले, अशी हकिगत होती. निदान सर ती तशी सांगत. या वाटेवर लोकांना हिंडवून सगळं दाखवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. नाव 'क्रांतिवाट'.

अडचण एवढीच, की आजवर एकही तुकडी त्या दारापर्यंत पोहोचली नव्हती. एकदा शाळेची मुलं कुल्फीच्या गाडीपाशी फुटली. एकदा पुण्याच्या अभ्यासकांना अर्ध्या वाटेत शेवभाजीचा वास आला आणि अभ्यास तिथेच संपला. सर दर वेळी एकटेच त्या दाराशी जाऊन उभे राहत, आणि दम खाऊन परत येत. आता त्यांना कंटाळा आला होता. मॅडमनी दार पाहिलं आणि तिथे सरकारी पाटी लागली तर ठीक, नाहीतर हा नाद सोडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. बरोबर सरकारी गाडीचा ड्रायव्हर ललित आणि गावातले पाच-सहा हौशी लोक. उन्हाने आत्तापासूनच डोकं वर काढलं होतं. "सर, मला दुपारी जळगावला पोहोचायचंय," मॅडम म्हणाल्या, "तेवढं जरा भरभर."

"भरभरच," सर म्हणाले. स्वतःच्याच आवाजावर त्यांचा विश्वास बसला नाही.

पहिला थांबा गोपालभाऊंचं घर. पत्रकं छापायचं यंत्र इथे धान्याच्या कणगीत लपवलेलं असे. सर 'कणगी' म्हणेपर्यंत गोपालभाऊंनी पाट मांडले होते.

"नको हो, आम्ही फक्त बघून जाणार," मॅडम हसून म्हणाल्या.

गोपालभाऊंचा चेहरा उतरला. "मॅडम, आज आखाजी शे. आज कोनी दारवरथीन भुक्या गया, तं आमना पितर भुक्या राही जातस. तुम्हले चालई का?"

कोणाचे तरी वाडवडील आपल्यामुळे उपाशी राहावेत, हे मॅडमना चालण्यासारखं नव्हतं. त्या बसल्या. खापरावरची पुरणपोळी आली. ही पोळी चार घड्या घातल्या तरी ताटाबाहेर डोकावते. मागोमाग तूप, वाटीभर आमरस, कुरडई, भजी आणि पुरणाच्या कटाची रशी. मॅडम जेवल्या, मनापासून जेवल्या, आणि तिथेच चूक झाली.

कारण गोपालभाऊंच्या भिंतीला भिंत लावून त्यांचे चुलतभाऊ हेमराज राहतात, आणि त्या मधल्या भिंतीवरूनच दोन्ही घरांचं बोलणं कधीचं बंद आहे. हेमराजची बायको कुंदाबाई पदर खोचून दारातच उभी होती.

"त्यासना घर पोटभर जेवन, आनि आमना घर नुस्तं पानी? आमन्या पोळ्यासले काय मुंग्या लागन्यात?"

"तसं नाही, बाई, पोट—" मॅडमनी सुरुवात केली.

"पोट ज्यानं त्यानं. मानपान बठ्ठासना सारखा."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. इथे नाही म्हटलं असतं तर ती भिंत आणखी हातभर उंच झाली असती. दुसरं ताट झालं. कुंदाबाई नजर ठेवून होती, तेव्हा पोळी गोपालभाऊंकडच्यापेक्षा घासभरही कमी खाता आली नाही.

तिथून बाहेर पडेपर्यंत तुकडीला गळती लागली होती. एका गृहस्थांना मेहुणीचं घर सापडलं. दोघे जण आखाजीच्या पत्त्यांच्या डावाला बसले ते बसलेच. कॉलेजातल्या मुली कडुलिंबाला बांधलेल्या झोक्याकडे पळाल्या, आणि तिथल्या माहेरवाशिणींनी गाणी म्हणत मॅडमनाही ओढून झोक्यावर बसवलं. दोन जेवणांवर झोका म्हणजे काय असतं, ते मॅडमच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. माहेरवाशिणी मात्र मॅडमना गाणं आवडलं असं समजून आणखी जोराने झोके देत होत्या.

"सर," खाली उतरल्यावर मॅडम झाडाला धरून म्हणाल्या, "ते दार किती लांब आहे?"

"दिसतंय बघा. ते काय, निळ्या घराच्या आत."

निळ्या घराच्या अलीकडे भिकनभाऊ आडवे आले. त्यांना मॅडम नको होत्या, सर हवे होते. "सर, आज पितर म्हनीसन पाटवर तुम्हीच बठा. मना बाप बी असाच दमेल दिसे."

मेलेल्या बापाशी एवढं साम्य निघाल्यावर काय बोलणार! सर पितर झाले. पितराला वाढताना हात आखडत नाहीत. भिकनभाऊंनी सरांच्या पोळीवर तुपाची धार धरली आणि बापाच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे धार थांबायची राहून गेली. शेजारी मॅडमना 'निदान रस तरी' म्हणत दोन वाट्या पाजण्यात आल्या.

शेवटी ते दोघेच उरले, आणि निळ्या घरात शिरले. घर तानुबाईंचं. म्हातारी ओसरीवर खाटेजवळ बसली होती. घरापलीकडे लहानसं अंगण आणि अंगणाच्या भिंतीत ते दार. सरांना ते समोर दिसत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक पाहुणा इथवर आला होता. सरांनी घसा साफ केला. त्यात थोडं तूपही होतं.

"मॅडम, हेच ते—"

"एकच मिनिट सर, जरा टेकते," असं म्हणून मॅडम खाटेवर टेकल्या, मग कलंडल्या, आणि त्यांचे डोळे मिटले.

सर उभ्या उभ्या सांगत राहिले. झोपलेल्या वर्गाला शिकवायची त्यांना सवय होती. धाब्यावरच्या उड्या झाल्या, फौजदाराने झाडलेली गोळी झाली.

"काय सांगी राह्यनात, सर?" तानुबाई हसू लागली. "कसानी उडी नि कसानी गोळी! मनी सासू सांगे. वना मास्तर आठेच पाटवर बठेल व्हता, पितर म्हनीसन. फौजदारना मांडीले मांडी लाईसन."

सर थांबले. "फौजदाराने ओळखलं नाही?"

"तो परका मानूस. पहिला घरफाईन जेवत जेवत ऊना. आठे येवालोंग त्याना डोया झाकाई गयात."

"पण शिपाई? शिपाई तर इथलेच होते."

"त्यासनी वळखं ना! पन बोलाले तोंड मोकळं पाहिजे. बठ्ठासना तोंडमां पोळी. मास्तरनी हात धोया, 'येस अक्का' म्हनीसन निरोप लिधा, नि पुढला दारथीन चालना गया. फौजदार दिन मावळेलोंग याच खाटवर घोरी राह्यंता."

सरांनी खाटेकडे पाहिलं. खाटेवर महाराष्ट्र शासन मंद घोरत होतं.

"मग... ते मागचं दार?"

"ते तं शेळ्यासले पाडेल शे. मनं लगीन व्हयनं, त्याना नंतर."

सर भिंतीशी खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं उन्हातान्हात माणसांना ओढत ओढत आपण त्यांना शेळ्यांच्या दाराकडे नेत होतो! आणि सगळा इतिहास या गल्लीच्या घराघरांत वाढला जात होता, तो आपण 'नको, उशीर होतोय' म्हणत मागे टाकत आलो. आखाजीला आपण कधी आलोच नाही, तानुबाईला कधी विचारलंही नाही, मग कळणार तरी कसं? मग अंगातला सगळा शीण एकदम वर आला आणि भिंतीला टेकून त्यांनाही डुलकी लागली.

जाग आली ती गलक्याने. ऊन कललं होतं. मॅडम उठल्या होत्या आणि पुढच्या दाराच्या फटीतून बाहेर पाहत होत्या.

गल्लीला दोन बाजू असतात, हे सर विसरले होते. क्रांतीचे सगळे थांबे डाव्या हाताला, म्हणून सगळी जेवणं डाव्या हाताला झाली होती. उजव्या हाताच्या प्रत्येक दारात आता कोणी ना कोणी ताट घेऊन उभं होतं. पुढारपण ज्ञानेश्वरभाऊंकडे होतं, त्यांचा आवाज सभेतून घडलेला.

"सर, बाहेर या! तो बाजूना लोक तेवढा देशभक्त का? आमन्या घरंसनी काय इंग्रजसले मदत करेल व्हती?"

"सर," मॅडम कुजबुजल्या. "मी आता एक घासही खाऊ शकत नाही. मी मरेन."

"गल्लीला दुसरी वाट नाही, मॅडम."

दोघांचंही लक्ष एकदमच अंगणाकडे गेलं.

मॅडमनी ललितला फोन लावला. तोही कुठल्या तरी घरी जेवून गाडीत आडवा पडलेला. "नदीकाठच्या रस्त्याने मागे ये. हॉर्न वाजवू नकोस!"

शेळ्यांचं दार ते. त्यातून वाकून जाणंही जमत नव्हतं, रांगावं लागलं. आधी फाईल गेली, मग मॅडम गेल्या. ओढणी एका शेळीने तोंडात धरली होती, ती तानुबाईंनी सोडवून दिली. मागून सर निघाले, ते पोटामुळे अडकले. मॅडमनी पलीकडून हात धरून ओढलं तेव्हा सुटले.

"येस अक्का," सरांनी भिंतीपलीकडून निरोप घेतला.

"या बाप्पा," आतून तानुबाई म्हणाली.

पांझरेच्या काठावर दोघे धूळ झटकत उभे राहिले. सरांनी लपवलं नाही. म्हातारीने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, शेळ्यांसकट. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी वळून त्या दाराकडे पाहिलं, आणि माणसाने जीव वाचवणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"पाटी लागेल, सर. आजच्या आज अहवाल पाठवते. मजकूर तेवढा तुम्ही द्या."

सर विचारात पडले. 'या दारातून क्रांतिकारक निसटले' हे आता लिहवणार नव्हतं. आणि या दारातून खरोखर कोण निसटलं, ते सरकार लिहू देणार नव्हतं. तरी कितीतरी वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं. पोट सोडून.

गाडी आली. दोघे बसले तोच सरांचा फोन वाजला. हेमलताबाईंचा आवाज मॅडमनाही ऐकू जाईल इतका खणखणीत होता.

"कोठे शेतस? मी कव्हयनी ताट वाढीसन बठेल शे. सकायफाईन तोंडमां पानी नही मना. पितरसना घास खोळंबना. आनि त्या मॅडमले बी लई या, दारवरथीन तशा जाऊ देऊ नका!"

ललितने आरशातून मागे पाहिलं. मग मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्या घराला मागचं दार आहे ना?"

प्रेमराज सर चष्मा पुसू लागले. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.