सुहानासाठी अर्धा तास शांतता

परदेशातल्या विद्यापीठाने समाजशास्त्राच्या पीएचडीसाठी जे जे मागितलं, ते सगळं सुहानाने दिलं होतं. गुणपत्रकं, इंग्रजीची परीक्षा, तीन प्राध्यापकांची पत्रं आणि यंत्रमाग कामगारांवर संशोधन कसं करणार याचं टिपण. परदेशी विद्यार्थ्यांसाठी एकच अट उरली होती, लॅपटॉपवरून मुलाखत. त्यासाठी शांत खोली हवी, गोंगाट असेल तर मुलाखत घेणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आणि इचलकरंजीत सुहानाच्या खोलीच्या एका भिंतीमागे वडिलांचे आठ माग, दुसऱ्या भिंतीमागे आकारामकाकांचे बारा. कोल्हापूरला मैत्रिणीच्या घरी बसायचं ठरलं होतं, पण तिला ऐन वेळी ताप आला.

तिच्या वडिलांना, रशीदभाईंना, यात काही अडचणच दिसेना. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि गल्लीभर फिरून आले. साडेचार ते पाच सगळे माग बंद. नाही कोण म्हणणार? अर्ध्या गल्लीचे फॉर्म या पोरीनेच भरून दिले होते.

साडेचारला माग थांबले. स्क्रीनवर दोन प्राध्यापिका आल्या, पहिला प्रश्न विचारला गेला आणि शेजारची जुळी भोकाड पसरून उठली. जन्मल्यापासून खडखडाटात झोपलेली लेकरं ती, आवाज थांबताच दचकली. पाठोपाठ रात्रपाळी करून झोपलेले कामगार डोळे चोळत दारात आले आणि लाईट गेली काय, असं एकमेकांना विचारू लागले. मागावर आयुष्य गेलेली ही माणसं, हळू बोलणं त्यांना माहीतच नाही. त्यांना गप्प करायला रशीदभाई धावले, तर त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

"आरं, गप बसा की. पोरीची मुलाखत हाय."

मग कसली मुलाखत, किती लांब जाणार, तिथं जेवणाचं काय, याची चौकशी सुरू झाली. खिडकीत सात-आठ डोकी जमली. स्क्रीनवरच्या एक बाई मुलाखत थांबवूया का, असं विचारू लागल्या. दोन वर्षांची धडपड डोळ्यांदेखत बुडायला आली होती. सुहानाने दोन मिनिटं मागून घेतली आणि खिडकी गाठली.

"अब्बा, माग चालू करा. सगळे."

"खुळी झालीस काय? शांतता पायजे म्हणालतीस की."

"शांततेसाठीच म्हणते."

गल्लीतले सगळे माग एकदम खडखडू लागले. जुळी झोपली, कामगार आत गेले, खिडकी रिकामी झाली. सुहानाने कानाला हेडफोन लावला आणि गल्लीच्या सवयीने मोठ्याने, आत्ता काय घडलं ते त्या दोघींना सांगितलं. मला याच माणसांबद्दल शिकायचंय, असंही सांगितलं. गोंगाटाची अट त्या दोघींनीच बाजूला ठेवली आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तास चालली.

आठवड्याने निवड झाल्याची मेल आली. आई हाफिजाने गल्लीत पेढे वाटले, आकारामकाकांनी डोळे पुसले. रशीदभाईंनी मात्र वसतिगृहाचे नियम मुलीकडून मराठीत वाचून घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. भिंतींतून आवाज येत नाही, दहानंतर कडक शांतता. चोवीस वर्षं ही पोर मागाच्या भिंतीला टेकून झोपली होती. त्यांचा जीव तुटला.

"त्यास्नी मेल कर," ते म्हणाले. "म्हणावं, एवढ्या शांततेत पोरीला झोप लागायची न्हाय. शेजारी एखादा कारखाना आसंल, अशी खोली द्या."