सोळा अँपिअर आणि गुनवोरबाईंचा तवा

या खोऱ्यात गुन्हे घडत नाहीत, याचं कारण आपण स्वतः आहोत, असं माझे मेहुणे ओस्मुंड शांतपणे सांगतात. पस्तीस वर्षं टपाल वाटल्यामुळे बंद पाकिटाचा आणि बंद माणसाचा मजकूर आपल्याला बाहेरूनच कळतो, नजर घारीची आहे आणि नम्रता तर विचारूच नका, असंही सांगतात. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी ‘खासगी गुप्तहेर’ अशी पाटी केली आणि मला मदतनीस नेमलं. माझी संमती बहिणीने दिली.

वर्षभरात आमच्याकडे एकच प्रकरण आलं. आमच्या स्की क्लबच्या लाकडी खोपटात दर रविवारी वॅफल आणि कॉफी मिळते. सलग तीन रविवार तिथला फ्यूज उडत होता. सकाळी दहाला दुकान उघडायचं, तासभर सगळं सुरळीत चालायचं आणि अकरा वाजून गेले की अंधार. तवे गार, कॉफी गार, आणि बाहेर उणे अठरात पोरासोरांची रांग.

अकराला गुनवोरबाईंची पाळी सुरू होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा विजेचा वॅफल-तवा त्यांच्या नवऱ्याने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेला. नवरा गेला, तवा राहिला. क्लबचा अध्यक्ष शेतिल याने ठरवलं की दोष या जुन्या तव्याचाच. येत्या रविवारी पुन्हा फ्यूज उडाला तर तवा माळ्यावर जाईल आणि त्यापुढच्या रविवारपासून नवा येईल. गुनवोरबाई म्हणाल्या, मग तव्याबरोबर मीही घरी बसेन. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. त्यांच्या पिठात वेलची असते.

भावजी मात्र खुशीत होते. तिन्ही वेळा ते योगायोगाने घटनास्थळी हजर होते, कारण अकराला त्यांना वेलचीची वॅफलं लागतात. चौथ्या रविवारीही आम्ही अकराला पोचलो. त्यांनी गाडी भिंतीला लावली, इंजिन गोठू नये म्हणून थंडी वाढल्यापासूनच्या सवयीने बाहेरच्या विजेच्या खोक्यात गाडीची वायर खोचली आणि भिंग काढून आत शिरले.

पहिला संशय शेजारच्या गावच्या क्लबवर. भावजींनी बर्फात त्यांच्या हेराची पावलं शोधली आणि पाऊण फर्लांग माग काढला. ती माझी होती. मग त्यांनी फ्यूजच्या पेटीजवळ एक केस सापडल्याचं जाहीर केलं आणि खारीवर आरोप ठेवला. केस शेतिलच्या फरच्या टोपीचा निघाला.

शेवटी त्यांनी खिशातून मीटर काढला. प्लग आणि भिंतीच्या मध्ये लावला की तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. गुनवोरबाईंच्या तव्याला लावल्यावर दोनशे तीस व्होल्ट, चार अँपिअर दिसले. भावजींनी कागदी बशीवर गुणाकार केला आणि आवाज खाली आणला.

"नऊशे वीस ओहम. एवढा रोध निर्दोष तव्यात नसतो."

तेवढ्यात दिवे गेले.

शेतिलने तव्याची वायर गुंडाळायला घेतली. गुनवोरबाईंनी मेणबत्ती लावली, भावजींच्या हातातली बशी घेतली आणि चष्मा नाकावर सरकवला. त्या धरणाखालच्या वीजकेंद्रात चाळीस वर्षं नियंत्रण-फलकासमोर बसल्या होत्या, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

"गुणलंस ती शक्ती झाली, बाळा. नऊशे वीस वॉट. रोध हवा तर भागायचं. साडेसत्तावन्न ओहम. माझ्या तव्याला काहीही झालेलं नाही. शेतिल, वायर सोड."

मग त्यांनी फ्यूजचा खटका वर केला आणि मीटर एकेका प्लगला लावायला सांगितला. दुसरा तवाही चार. कॉफीचं यंत्र सहा. बेरीज चौदा, आणि फ्यूज सोळाचा.

"चौदाने सोळाचा फ्यूज उडत नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी अजून जेवतंय. या फ्यूजवर आणखी काय आहे?"

शेतिल डोकं खाजवत म्हणाला, बाहेरचं एक खोकं आहे, पण ते कोण वापरणार. आम्ही सगळे बाहेर गेलो. खोक्यातून एक वायर निघून भावजींच्या गाडीच्या नाकात शिरली होती. इंजिन ऊबदार होतं आणि आतला हीटरही चालू होता. गुनवोरबाईंनी मीटर लावला. आठ अँपिअर.

"बावीस," त्या म्हणाल्या. "एवढं ओढलं की फ्यूज पाच-दहा मिनिटं सोसतो, मग उडतो. ओस्मुंड, सीट गरम ठेवायला माझा तवा माळ्यावर पाठवत होतास होय रे?"

भावजींनी भिंगातून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली, पण फार नाही.

बाईंनी वायर उपटली. ती दुकान तीनला बंद झाल्यावर परत मिळेल असं सांगून त्यांनी भावजींना भांडी घासायला बसवलं. शेतिलने तवा स्वतःच्या हाताने जागेवर ठेवला, माफी मागितली आणि त्याला पहिलं वॅफल मिळालं.

संध्याकाळी भावजींनी अहवाल लिहिला. क्लबच्या भिंतीवर तो अजून लावलेला आहे: ‘गुन्हेगार चारही वेळा घटनास्थळीच होता. तपास अधिकाऱ्याने त्याला क्षणभरही नजरेआड होऊ दिले नाही.’ खाली साक्षीदार म्हणून गुनवोरबाईंचा जॅमने माखलेला अंगठा आहे.