घटक चौथा : सत्कार

कृषिरसायनशास्त्राच्या अभ्यास मंडळाची बैठक साताऱ्यात वेळेवर सुरू झाली. अध्यक्ष लालासाहेब सरांनी दीपप्रज्वलन केले. प्रत्येक सदस्याला शाल, श्रीफळ देण्यात आले आणि फेटे बांधता बांधता जेवणाची वेळ झाली. नवा अभ्यासक्रम तेवढा वाचायचा राहिला. तो ‘वाचला असे समजून’ एकमताने मंजूर झाला.

गठ्ठा विद्यापीठात पाठवताना मातीपरीक्षणाच्या चौथ्या घटकाच्या जागी बैठकीची कार्यक्रमपत्रिका टाचली गेली. चूक एवढीच. पण विद्यापीठाचा शिक्का बसल्यावर चुकीला चूक म्हणणे हा शिस्तभंग असतो. संकेतस्थळावर रीतसर झळकले : घटक चौथा – दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, सत्कार, मनोगत, आभार.

रहिमतपूरकडच्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवणाऱ्या चारुलता मॅडमनी अध्यक्षांना फोन लावला.

“सर, मातीपरीक्षण गेलं कुठं?”

“अभ्यासक्रमात आहे का?”

“नाही, म्हणून तर विचारतेय.”

“नाही ना? मग शिकवू नका. उगाच चौकशी लागेल. आणि मॅडम, मंजुरीला हात तुम्हीही वर केला होता.”

मॅडमच्या मोबाइलवर फेट्यातला फोटो अजून होता. त्यांनी फोन ठेवून दिला.

प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांत उदबत्त्या खोचल्या गेल्या. प्रात्यक्षिकाला नारळ आले. ‘आभार मानताना ज्ञात-अज्ञात हात कोणत्या क्रमाने घ्यावेत?’ हा प्रश्न हमखास येणार, असे गाइडवाले सांगू लागले. लाज कुणालाच वाटली नाही, कारण ती अभ्यासक्रमात नव्हती.

“मॅडम, माती कवा तपासायची?” उंब्रजच्या क्रांतीने विचारले. “आमचं रान पांढरं पडलंय. आबांनी त्यापायीच मला या विषयाला घातलंय.”

“आधी पास हो. माती कुठे पळून जातेय?”

क्रांती विद्यापीठात पहिली आली. साहजिकच लालासाहेब सरांच्या हस्ते सत्कार ठरला. तिचे वडील नाथाजी पिशवीत रानातली माती घेऊन थेट व्यासपीठावर चढले.

“क्रांते, आता तू शिकलीस. बघ बरं, ऊस का जळतुया? नव्या उसाची लागण तोंडावर आलीया.”

क्रांतीने मूठभर माती हातात घेतली. तिचे डोळे भरून आले.

“आबा, मला न्हाई येत. ह्यांनी शिकवलंच न्हाई.”

माइकवरून ते सभागृहभर ऐकू गेले. पण लालासाहेब सर कसलेले. त्यांनी पिशवीवर शाल पांघरली, पुढे नारळ ठेवला, वर हार घातला आणि माइक ओढला.

“बळीराजाच्या या मातीचा आपण यथोचित गौरव करूया!”

“आवं सायेब, गौरव नगं, तिला झालंय काय ते सांगा,” नाथाजी म्हणत होते. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेले नाही.

तिसऱ्या रांगेत तुम्हीही होता. तुम्हाला हे पटले नव्हते, मान्य आहे. पण अल्पोपहाराची कुपने अजून वाटायची होती, म्हणून तुम्हीही टाळ्या वाजवल्यात.