रेखाताईंची सुनावणी

रेखा चिटणीस या एका बाईंमुळे आजवर पाच पुरुषांच्या मिशा कापल्या गेल्या. पहिला मी. मग आमच्या शाळेचा शिपाई भेरूलाल, नानाखेड्याचा एक भाजीवाला आणि त्यांच्या कॉलनीतल्या देवळाचे पुजारी. पाचव्याकडे ओघानं येतोच.

यावरून कुणाला वाटेल, बाई दांडगट असणार. तसं काही नाही. रेखाताईंना ऐकू येत नाही, त्या ओठ वाचतात. वरच्या ओठावर मिशी उतरलेला माणूस त्यांच्या लेखी मुका. अशा माणसाला त्या अगदी शांतपणे सांगतात, मिशी ठेवा, पण ओठ मोकळा ठेवा. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली, स्टाफरूमच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि वह्या तपासायला लागल्या. माझी मिशी लग्नाच्या आधीची. ती कापावी म्हणून बायको वीस वर्षं मागे लागलेली. त्या संध्याकाळी तिनं दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?"

मी बापट. एका ट्रस्टच्या शाळेत गणित शिकवायचो, रेखाताई भूगोल. माझे वडील रेल्वेच्या नोकरीपायी उज्जैनला आलेले. रेखाताईंचं घराणं इथलं जुनं. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या कारभारात पत्रं लिहायला होते, आणि ते काम रेखाताईंनी अजून सोडलेलं नाही. शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे मी त्यांना मॅडम न म्हणता ताई म्हणायचो.

त्यांचं ऐकणं गेलं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका तापात. आठ दिवस ताप होता. उतरला तेव्हा कानात काहीच उरलं नव्हतं. इंदूरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. रेखाताई म्हणायच्या, मशीन लावलं की पंखा ऐकू येतो, माणूस नाही. आणि पंख्याशी मला काही बोलायचं नाही. त्यांनी मशीन कपाटात ठेवलं, सहा महिन्यांची रजा घेतली आणि दर रविवारी इंदूरला एका बाईंकडे जाऊन ओठ वाचायला शिकल्या. रजा संपली त्या दिवशी वेळेवर शाळेत हजर.

त्यानंतर त्यांचं एक वाक्य शाळेत प्रसिद्ध झालं. "जरा मुँह इधर." मराठी माणसाला, "तोंड इकडे." कुणी पाठ करून बोललं, मान खाली घालून बोललं, पान चघळत बोललं, की हे वाक्य यायचंच. ओठांवर प, ब आणि म हे तिघंही सारखेच दिसतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. 'बापट' आणि 'पापड' यांत तर काहीच फरक दिसत नाही म्हणे. त्यांनी मला हे अगदी गंभीरपणे सांगितलं आणि वर म्हणाल्या की संदर्भावरून लक्षात येतं, जेवणाच्या सुट्टीत जरा घोटाळा होतो.

वर्गात त्यांनी नियम घातला होता. बोलायचं त्यानं हात वर करायचा, उभं राहायचं, चेहरा उजेडाकडे. नाहीच समजलं तर चिठ्ठी. मुलं महिनाभरात तयार झाली. भूगोलाच्या तासाला जेवढी शिस्त असायची तेवढी माझ्या तासाला कधी आली नाही. परीक्षेत तर त्यांचा धाकच होता. हॉलच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाची कुजबुज त्या वाचायच्या. एकदा एका मुलानं शेजाऱ्याला नर्मदेच्या उपनद्या विचारल्या, तर उत्तर येण्याआधी रेखाताई तिथे पोचल्या.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण नवे प्राचार्य आले. त्यांचं म्हणणं, पालक शाळा बघायला येतात, तेव्हा बहिरी शिक्षिका बरी दिसत नाही. हे त्यांनी रेखाताईंना कधी सांगितलं नाही. आधी दहावीचा वर्ग काढला, मग नववीचा. शेवटी त्यांना वरच्या मजल्यावर लायब्ररीमागच्या खोलीत बसवलं. तिथे जुने नकाशे होते. ते झटकायचे आणि यादी करायची. रेखाताईंनी लेखी विचारलं, माझे वर्ग का काढले. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग एक दिवस त्या नकाशांची यादी द्यायला खाली आल्या. प्राचार्यांच्या केबिनला काच होती. आत प्राचार्य ट्रस्टच्या सचिवांशी बोलत होते. रेखाताई बाहेर उभ्या होत्या आणि त्यांना सगळं दिसत होतं.

"अभी ऊपर बैठने दो. ऊबकर खुद ही छोड़ देगी."

त्या यादी टेबलावर ठेवून वर गेल्या आणि भोपाळला दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाला तक्रार लिहिली. काचेतून वाचलेलं वाक्यही त्यात शब्दशः घातलं. तक्रारीची प्रत शाळेत आली. त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या केबिनला जाड निळा पडदा लागला.

मग खरा त्रास सुरू झाला. मीटिंगच्या सूचना आमच्याकडे रजिस्टरमध्ये लिहून फिरायच्या, प्रत्येकानं सही करायची. ते रजिस्टर माझ्याकडे असायचं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, रजिस्टर बंद, यापुढे सूचना माइकवर. माइकवरची सूचना रेखाताईंना कुठून कळणार? त्या मीटिंग चुकल्या की दुसऱ्या दिवशी 'कारण बताओ' नोटीस. चार महिन्यांत अशा पाच नोटिसा. भेरूलाल नोटीस घेऊन जायचा आणि ओठ नीट हलवून म्हणायचा, मॅडम, माफ करना. त्या त्याला पाणी विचारायच्या, त्याच दिवशी सुंदर अक्षरात उत्तर लिहायच्या आणि प्रतीवर पोच घ्यायच्या.

आता माझं सांगतो. मी काहीच केलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्याजवळ बसणारे कमी होत गेले, त्यात मीही होतो. दुसऱ्या कुणाशी बोलणं बंद करायचं तर निदान भांडावं लागतं. रेखाताईंशी नुसतं तोंड फिरवलं की झालं. मी डबा खायला खिडकीकडे तोंड करून बसायला लागलो. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न ठरत होतं, अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ होती.

एका दुपारी मी विज्ञानाच्या सरांना म्हणत होतो की काय गरज होती भोपाळपर्यंत जायची, वर निवांत बसल्या असत्या, पेन्शन कुठे जात होती. रेखाताई दाराशी उभ्या आहेत हे मला दिसलं नाही. त्या आत आल्या, समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"बापट सर, मी वाचलं," त्या म्हणाल्या. "मला नकाशे आवडतात. पण मी नकाशे शिकवायला आले होते, झटकायला नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या उठून वर गेल्या. माझा डबा तसाच राहिला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, रजिस्टर अजून तुमच्याच कपाटात आहे ना?

होतं. शेवटची नोंद माझ्याच अक्षरात, तारखेसकट. तक्रारीची प्रत शाळेत आली त्याच्या तिसऱ्या दिवशीची. त्यानंतर सगळी पानं कोरी. दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर गेलो, उजेडात उभा राहिलो आणि सांगितलं की भोपाळच्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, मी येतो. त्यांनी मला कधी या म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. म्हणाल्या, तुमची दोन वर्षं राहिलीत, तुम्हालाही त्रास देतील. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी एका जुन्या नकाशावरची धूळ पुसली आणि विचारलं, सकाळची सहाची बस चालेल ना?

भोपाळला ज्या साहेबांसमोर पेशी होती, त्यांना झुपकेदार मिशी होती. मी मनात म्हटलं, झालं. रेखाताईंनी नमस्कार केला आणि हिंदीत म्हणाल्या की साहेब, ही सुनावणी माझी आहे, आणि मलाच काही कळणार नसेल तर मग ती कोणाची? टायपिंग करणाऱ्याचा स्क्रीन माझ्याकडे वळवता येईल का? साहेबांनी स्क्रीन वळवायला सांगितला. मिशीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पण साहेब बोलायला लागले की त्या आधी त्यांच्याकडे बघायच्या, मग स्क्रीनकडे. असं दहा-बारा वेळा झाल्यावर साहेबांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

शाळेचे वकील फेऱ्या मारत बोलत होते. रेखाताईंनी त्यांना चार वेळा सांगितलं, "वकील साहब, जरा मुँह इधर." वकिलांचं म्हणणं, यांना ऐकू येत नाही, मुलांचे प्रश्न कळणार कसे? आणि ते सिद्ध करायला त्यांनी हातातली फाइल तोंडासमोर धरून काहीतरी विचारलं.

रेखाताई साहेबांकडे वळल्या. "इन्होंने मुँह ढककर पूछा है. ये भी लिखवा दीजिए."

साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग माझी पाळी आली. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि शेवटची नोंद दाखवली. रजिस्टर कुणाच्या सांगण्यावरून बंद झालं, तर प्राचार्यांच्या. कधी, तर तक्रार आल्यावर तीन दिवसांनी. हे सगळं मी रेखाताईंकडे तोंड करून सांगितलं, साहेबांना मान वळवून ऐकावं लागलं. प्राचार्य म्हणाले, रजिस्टर कागद वाचवण्यासाठी बंद केलं. साहेबांनी पाचही नोटिसा एकेक करून टेबलावर मांडल्या आणि विचारलं, यांच्यासाठी कागद होता?

पुढच्या पेशीला साहेबांचा वरचा ओठ स्वच्छ दिसत होता. तो पाचवा. रेखाताईंनी आत शिरताच ते पाहिलं आणि हात जोडले.

आदेश रेखाताईंच्या बाजूनं झाला. वर्ग परत द्यावेत, सगळ्या सूचना लेखी द्याव्यात, पाचही नोटिसा रद्द, आणि तक्रार केली म्हणून बाईंना किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नये. आदेश झाला म्हणजे शाळा लगेच सुधारली असं नाही. प्राचार्यांनी तीन महिने टोलवाटोलवी केली. मला सकाळी मुलांच्या बसवर ड्युटी लागली. रेखाताईंनी दर सोमवारी एक पत्र द्यायला सुरुवात केली, तेच पत्र, फक्त तारीख नवी. भेरूलाल ते नेऊन पोच आणायचा. तेराव्या सोमवारी पोचेऐवजी नवीन टाइमटेबल आलं. नववी आणि दहावी, भूगोल, चिटणीस मॅडम. माझी बसची ड्युटी मात्र राहिली ती रिटायर होईपर्यंत. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मुलं खिडकीतून डोकं काढून नमस्ते करायची.

वर्ग परत मिळाले त्या दिवशी मी रेखाताईंना स्कूटरवर घरी सोडलं. स्कूटरवर त्यांच्याशी बोलता येत नाही, त्यांना फक्त माझी पाठ दिसते. त्यामुळे अभिनंदनसुद्धा मी नानाखेड्याच्या सिग्नलला मान वळवून केलं. घरी त्यांनी चहा ठेवला. घर दोन खोल्यांचं. आई गेली ती तापाच्या आदल्या वर्षी, तेव्हापासून त्या एकट्याच. मला खिडकीसमोर बसवलं, उजेड तोंडावर येईल असं. मला वाटलं, आता पेशीच्या गोष्टी निघतील. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि आपला घेऊन समोर बसल्या.

"एक विचारू? खरं सांगाल?" त्या म्हणाल्या. "माझा आवाज कसा येतो हो?"

मला पटकन कळलंच नाही.

"सात वर्षं झाली, मी तो ऐकलेला नाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं. शाळेत आता सगळे नवीन आहेत. माझा आधीचा आवाज माहीत असलेले तुम्ही एकटेच राहिलात."

आता हे मी तुम्हालाही आतापर्यंत सांगितलेलं नाही. रेखाताईंचा आवाज पूर्वी फार गोड होता. गॅदरिंगचं सूत्रसंचालन त्याच करायच्या. तापानंतर तो बदलला. चढ-उतार गेले, मोठा झाला, आणि त्या दमल्या की आणखी मोठा होतो. तेव्हाच्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या बाईंना भर कार्यालयात झाकलेलं तोंड चाललं नव्हतं, त्यांच्यापुढे हे झाकणं मला जमेना.

मी सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं. "बदललाय. मोठा येतो. पण तुमचाच आहे, मी कुठेही ओळखीन."

त्यांनी मान हलवली. चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाल्या की मोठा झाला की मला हातानं दाखवत जा. आणि त्या बोलायला लागल्या. आईबद्दल, ती त्यांना नकाशात उज्जैन कसं शोधायला लावायची त्याबद्दल. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज चढला. मी टेबलावर हात आडवा धरला आणि थोडा खाली आणला. त्यांनी आवाज उतरवला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. अजून थोडा, मी दाखवलं. अजून थोडा. मग हात थांबवला.

तिथे आवाज धरून त्या बोलत राहिल्या. मी हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं चहा संपवला.