जावयाच्या गाडीतली हवा

रविवारी सकाळी भूपेंद्र सासऱ्यांच्या दारात उकिडवा बसून आपल्याच जीपच्या चाकांतली हवा काढत होता, आणि त्याची बायको रूपा ओट्यावरून ते पाहत होती.

"चांगल्या गाडीची हवा कोण काढतं?" रूपाने विचारलं.

"वाळूत जायचंय. पस्तीसची हवा अठरावर आणली की चाक पसरतं, रुतत नाही."

"हे मोबाइलवर पाहिलं असेल."

पाहिलंच होतं. ते राहत त्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत स्कूटर वळवायची पंचाईत, तिथे या गृहस्थाने चारही चाकं ओढणारी जीप आणून उभी केली होती, सेकंडहँड का होईना. सहा महिन्यांत ती भाजीबाजारापलीकडे गेली नव्हती. शेवटी रूपाने निकाल दिला होता, की आज गिरणा नदीच्या वाळूत रुतली तर उद्या विकायची. भूपेंद्रने हो म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं.

सासऱ्यांच्या, म्हणजे रतिलाल नानांच्या मळ्यात आज गावाला भरिताचं जेवण होतं. मळा आटलेल्या गिरणेच्या पलीकडे आणि पूल वीस किलोमीटरवर. गाव सरळ वाळूतून जायचं. भूपेंद्रने मात्र शास्त्राने जायचं ठरवलं होतं. त्यासाठी चार पितळी टोप्या मागवल्या होत्या. चाकाला लावल्या की हवा फुसफुसत जाते आणि अठरावर आपोआप थांबते. सात मिनिटांत काम झालं, आणि टोप्या खिशात घालून तो चहाला आत गेला.

जावई नुसत्या चहावर सुटत नाही. सासूबाईंनी, भिकुबाईंनी, आधी शेव दिली, मग चिवडा, मग पुन्हा चहा. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा चारही चाकं टणक झाली होती. शेजारी पंक्चरवाला झुलाल हातगाडीवर हवेची टाकी घेऊन घाम पुसत होता.

"कोन्ही तरी तुमनी हवा काढी लिधी व्हती, जावईबापू. मी बठ्ठी भरी दिधी."

"अहो, मीच काढली होती."

झुलाल समजूतदारपणे हसला. गावाची इज्जत झाकायला जावई खोटं बोलतोय, एवढं त्याला कळत होतं.

भूपेंद्रने दात खात पुन्हा टोप्या लावल्या. हवा गेली. तेवढ्यात आतून नानांची हाक आली. गावात जावयाच्या गाडीची हवा काढली गेली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांचा चेहरा पडला होता. "चाळीस वर्षांत आमच्या दारात असं झालं नाही," ते म्हणाले. त्यांची समजूत घालण्यात वीस मिनिटं गेली. बाहेर येऊन पाहतो तर चाकं पुन्हा टणक.

"या खेपले पाच जास्तीच भरी," झुलाल म्हणाला. "रेतीमा जानं शे ना तुमले."

भूपेंद्रला आता संताप आवरेना. तो जीपच्या बॉनेटवर थाप मारून बोलू लागला. जमलेल्या वीसेक माणसांना त्याने चाक म्हणजे काय, वाळू म्हणजे काय, उंटाचा पाय कसा पसरट असतो, सगळं सांगितलं. "वाळूत जाताना हवा काढायची असते. भरायची नसते. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे झालं."

लोकांनी माना डोलावल्या. जावई शिकलेला होता.

तिसऱ्यांदा हवा काढून तो तडक निघाला, आणि खोटं कशाला बोला, जीप गिरणेतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. पुढे गेलेला गावातल्या अभिमनचा ट्रॅक्टर मधेच दोनदा घसरला, मोटरसायकली तर ढकलत न्याव्या लागल्या. जीप कुठे अडखळलीसुद्धा नाही. मळ्यावर उतरताना रूपा नुसती म्हणाली, "बरी आहे." बारा वर्षांच्या संसारात भूपेंद्रने एवढी स्तुती ऐकली नव्हती. तो चार वांग्यांचं भरीत एकटा जेवला.

जेवणानंतर डोळा लागला. उठला तेव्हा ऊन कललं होतं आणि बांधावर सगळे हात बांधून उभे होते. त्यांच्यामागे अभिमनचा ट्रॅक्टर आणि सात मोटरसायकली जमिनीला टेकल्या होत्या.

"हे काय?"

"तुम्ही सांगं ना," अभिमन म्हणाला. "रेतीमा जावानं तर हवा काढी टाकानी."

"अहो, अठरावर आणायची. सगळी नाही."

"ते मोजाले आमनाकडे टोप्या नहीत. म्हनीसन बठ्ठी काढी टाकी."

"मग टाकी आणून भरा."

झुलालने नकारार्थी मान हलवली. टाकीतली हवा सकाळी दोन खेपांत जावयाच्या जीपमध्ये गेली होती, आणि ती पुन्हा भरायला आज दिवसभर गावात लाइट नव्हती.

त्यामुळे नानांनीच व्यवस्था लावली. पहिल्या खेपेला म्हातारी माणसं, मग बाया, मग भांडी, मग उरलेले. प्रत्येक खेपेला कोणीतरी म्हणालं, जावयाने गाडी फार कामाची घेतली. पाचव्या खेपेला रूपा पुढे बसली. मागे तीन पातेली, अभिमन, झुलाल आणि एक शेळी होती.

"विकायची नाही हं ही गाडी," रूपा म्हणाली. "नानांनी सांगितलंय, कापूस वेचायच्या दिवसांत रोज बाया पोचवायला बोलावतील. मी हो म्हणून टाकलं."

भूपेंद्र वाळूकडे पाहत जीप चालवत राहिला. अलीकडचा काठ आल्यावर त्याने विचारलं, "गाड्यांच्या दलालाचा नंबर तू काढला असशील ना?"

"काढला होता. पण आता कशाला?"

"दे जरा."