मास्तरांचा उजवा पाय

बायकोने सुचवलं तेव्हा ते इतकं सोपं वाटलं, की जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवायच्या आतच मान डोलावून टाकली. (माणसाने अशा वेळी निदान चहा तरी संपवावा.)

"आज बोटिंगला तुम्ही आणि अप्पा एका बोटीत बसा," बायको म्हणाली. "मी, आई आणि ठकी दुसरी घेतो. आणि मधोमध गेलात की विषय काढा. चहूकडे पाणी असलं म्हणजे अप्पा उठून जातील कुठे?"

विषय म्हणजे गाडीची चावी.

अप्पा म्हणजे बायकोचे वडील. पण त्यांना अप्पा फक्त बायको म्हणायची. बाकी सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गावातले निम्मे लोक त्यांच्याकडे गाडी शिकले, आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांपासून पळायला शिकले. जावईबापूही त्यांचेच विद्यार्थी. स्कूलच्या काउंटरवर पावत्या फाडायला मास्तरांची मुलगी बसायची, त्यामुळे यांचा कोर्स जरा लांबला. लायसन्स मिळायला उशीर झाला तो प्रेमामुळे, असं जावईबापू सांगतात. मास्तर सांगतात, क्लचमुळे.

लग्नाला दहा वर्षं झाली. मास्तरांनी मुलगी दिली, पण गाडीची चावी काही दिली नाही.

जावईबापूंची नोकरी वाहन विम्याच्या ऑफिसात. दिवसभर लोकांचे अपघाताचे अर्ज वाचायचे. 'मी नीट चाललो होतो, भिंतच आडवी आली' असले खुलासे वाचून वाचून त्यांना रस्त्यावर काय काय होऊ शकतं ते तोंडपाठ झालं होतं. ज्ञान सगळं होतं, गाडी तेवढी नव्हती. दर सहलीला मास्तर स्टिअरिंगवर, शेजारी त्यांची नात ठकी, आणि मागे दोन बायकांच्या मध्ये मांडीवर खाऊची टोपली आणि गुडघ्यांत थर्मास धरून जावईबापू. या वेळी तळ्याकडे येतानाही हीच बैठक होती. वाटेत ठकीने मागे वळून अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, मोठे झाल्यावर तुम्ही पण गाडी चालवणार?"

सगळे हसले. जावईबापूही हसले. पण ते त्यांना लागलं, अगदी आतवर लागलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की परतताना गाडी आपण चालवायची, आणि ती ठकीच्या डोळ्यांदेखत चालवायची.

तळ्याकाठच्या दोन दिवसांत त्यांनी संधी शोधली नाही असं नाही. पण मास्तर रिटायर झाले होते ते फक्त स्कूलमधून. काठावर बॅडमिंटन खेळायला घेतलं, तर मास्तर म्हणाले, "वळण्याआधी मागे बघा." झाडीतल्या पायवाटेवर सगळे फिरायला गेले, तर त्यांनी सगळ्यांना डाव्या बाजूने चालवलं, आणि समोरून एक गाय आली तेव्हा हात बाहेर काढून तिला थांबायची खूण केली. (गाय थांबली. मास्तरांचा दराराच तसा होता.) गळ टाकून मासे धरायला बसले, तेव्हा जावईबापूंनी "मास्तर, मी काय म्हणतो," अशी सुरुवात केली, तर मास्तरांनी "शू! समोर लक्ष," म्हणून त्यांना गप्प केलं. मासा काही लागला नाही. आता आज दुपारी परत निघायचं, म्हणजे बोट हीच शेवटची आशा.

धक्क्यावर पायाने चालवायच्या बोटी ओळीने लावलेल्या होत्या. बदकाच्या आकाराच्या, दोन जणांच्या बाजूबाजूला सीटा आणि मधे वळवायचा दांडा. तिकीटवाल्याच्या गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा होता. त्याने यांना पाच नंबरचं बदक दिलं. मास्तर बोटीभोवती जमेल तेवढे फिरले, टायर तपासल्यासारखी तिच्या बुडावर लाथ मारली आणि सवयीने डाव्या बाजूला बसले. ती शिकवणाऱ्याची जागा. जावईबापू उजवीकडे, शिकाऊ माणसाच्या जागेवर बसले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या बाजूला एक जादा ब्रेक होता. शिकाऊ माणूस गडबडला, की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. आणि या बदकात दोघांची पेडल एकाच आसाला जोडलेली होती. एकाने पाय रोवला, की दुसऱ्याचंही पेडल जागच्या जागी अडायचं. हे बायकोच्या लक्षात आलं नव्हतं, जावईबापूंच्याही नाही, आणि बदकाला तर कोणी विचारलंच नव्हतं.

"आरसा बघा," बोट सुटल्यावर मास्तर म्हणाले.

"मास्तर, आरसा नाहीये."

"मग मान वळवून बघा. मान आहे ना?"

जावईबापूंनी मान वळवली आणि पेडल मारायला सुरुवात केली. बोट छान चालली होती. वारा सुटला होता, मागून ठकीच्या बोटीतून हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी घसा साफ केला.

"मास्तर, मी काय म्हणतो, आज परत जाताना—"

"अहो, बदक!"

खरं बदक होतं, आणि चांगलं लांब होतं. पण मास्तरांचा पाय खाली गेला, पेडल अडलं आणि जावईबापूंचा गुडघा थेट त्यांच्याच हनुवटीला भेटायला आला.

ते सावरले. पुन्हा चार पेडल मारली. "तर आज परत जाताना मला वाटतं, की तुम्हाला जरा विश्रांती—"

"अहो, बोट येतेय! डावीकडे! अरे, डावीकडे!"

लग्न झाल्यापासून मास्तर जावयाला कटाक्षाने अहो-जाहो करत. पण संकट जवळ आलं, की अहोचं अरे व्हायचं आणि अगदीच जवळ आलं की अरेचं गाढवा. त्यावरून संकटाचं अंतर बरोबर कळायचं. समोरून सात नंबरच्या बदकात एक नवं जोडपं येत होतं. दोघांचंही लक्ष एकमेकांच्या डोळ्यांत होतं. जावईबापूंनी दांडा डावीकडे ओढला. मास्तरांनीही, मदत म्हणून, तो आपल्याकडे ओढला. बोट गरकन वळली. तेवढ्यात मास्तरांनी ब्रेक मारला, म्हणजे पाय रोवला, आणि बोट आडवी होऊन जोडप्याच्या वाटेत थांबली.

टक्कर होणार हे दिसत होतं, पण ती व्हायला फारच वेळ लागत होता. जोडपं संथपणे येत होतं, मास्तर "गाढवा, गाढवा" म्हणत होते, आणि जावईबापू मनातल्या मनात अर्ज लिहीत होते. 'मी नीट चाललो होतो. माझे सासरे आडवे आले.' शेवटी टप् असा आवाज झाला. नवरीमुलगी म्हणाली, "सॉरी हं काका." त्या 'काका'ने जावईबापूंना टकरीपेक्षा जास्त दुखापत झाली.

पण धक्का लागायचा तो लागलाच. पाच नंबरचं बदक मागे मागे सरकत गेलं आणि लाल फुगे लावलेल्या दोरावर जाऊन बसलं. हा दोर म्हणजे बोटींची हद्द. मागचं सुकाणू त्यात अडकलं.

"पाच नंबर!" काठावरून भोंगा ओरडला. "पाच नंबर, हद्दीबाहेर जाऊ नका!"

"जातंय कोण?" जावईबापू पुटपुटले आणि त्यांनी सगळा जोर लावून पेडल दाबलं. ते हललं नाही. मास्तरांचा उजवा पाय आपल्या पेडलवर घट्ट होता.

"मास्तर, पाय."

"बोट थांबलीय ना? मग ब्रेक लावून ठेवायचा. नियम आहे."

करायला गेलो एक आणि झालं एक, हे जावईबापूंच्या लक्षात आलं. चहूकडे पाणी होतं खरं, पण उठून जाता येत नव्हतं ते त्यांनाच. इतकी वर्षं मूग गिळून गप्प बसलेला माणूस. ते सगळे मूग एकदम वर आले.

"पाय काढा!" ते ओरडले. "काढा तो पाय, मास्तर! इथे ब्रेक नाहीये! दहा वर्षं मी मागे बसून टोपली सांभाळतोय. माझी पोरगी मला विचारते, मोठे झाल्यावर चालवणार का म्हणून. मला आज गाडी चालवायची आहे. घरापर्यंत. आणि ती तिला दिसली पाहिजे!"

भोंगासुद्धा गप्प बसला. आपण हे बोललो यावर जावईबापूंचाच विश्वास बसेना.

मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी काय मुद्दाम मारतो ब्रेक? टीव्ही बघताना मारतो. झोपेत मारतो. तुमच्या सासूबाईंनी पलंग वेगळा केलाय, तो का असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, घोरण्यामुळे."

"ते पण आहेच," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "तुम्हाला गाडी येते हो. शिकवलीय मी. चावी देत नाही ती त्यासाठी नाही. तुम्ही चालवायला बसलात म्हणजे मी शेजारी बसणार. आणि त्या गाडीत माझ्या पायाखाली नुसतं पायपुसणं आहे. मी काय करू मग?"

ज्या माणसाला जावईबापू इतकी वर्षं घाबरत आले, तो माणूस त्यांच्याहून जास्त घाबरलेला होता. त्यांना एकदम मास्तरांविषयी माया वाटली.

"पाय वर घ्या," ते हळूच म्हणाले. "दोन्ही. इथे पुढे ठेवा, बदकाच्या मानेवर. मी नेतो तुम्हाला."

मास्तरांनी डावा पाय वर ठेवला. मग दोन्ही हातांनी धरून उजवा उचलला, आणि त्याच क्षणी "आई गं!" असे किंचाळले. इतका वेळ रोवून रोवून पोटरीत गोळा आला होता.

इतक्यात दुसरी बोट शेजारी आली. सासूबाई आणि बायको तालात पेडल मारत होत्या, मांडीवर ठकी होती, आणि बोट तेल घातल्यासारखी चालली होती. सासूबाईंनी छत्रीच्या मुठीने दोर वर उचलला आणि सुकाणू मोकळं केलं.

"झालं का बोलून?" त्यांनी विचारलं. "केव्हाच्या थांबलोय आम्ही."

परतीचं पेडल जावईबापूंनी एकट्याने मारलं. दोघांचं वजन, समोरून वारा, त्यांच्या नाकी नऊ आले. मास्तर पाय वर करून, डोळे मिटून, दोन्ही मुठी आवळून बसले होते, पण पाय काही खाली आला नाही. बोट धक्क्याला जरा जोरात लागली.

"पार्किंग वाईट," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. मग खिशात हात घालून त्यांनी चावी काढली. "घ्या. नाहीतरी माझ्या या पायाला आज अ‍ॅक्सिलरेटर झेपायचा नाही. वळणावर घाई करू नका."

दुपारी सामान भरून झाल्यावर जावईबापू स्टिअरिंगवर बसले. शेजारी मास्तर, मागे बायकांच्या मध्ये ठकी, टोपली ठकीच्या मांडीवर. पहिल्या वळणापर्यंत मास्तर दाराची कडी धरून होते. दुसऱ्या वळणानंतर त्यांची मान कलली. तिसऱ्याला ते चक्क घोरायला लागले. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते त्यांनी वायपर लावून पुसायचा प्रयत्न केला, पण ते घाईगडबडीत.)

आणि काय तो प्रवास! रस्ता इतका सभ्य त्यांनी कधी पाहिला नव्हता. कोणी मागून हॉर्न वाजवला नाही. गाड्या लांबूनच वेग कमी करायच्या आणि ऐसपैस अंतर ठेवून पुढे जायच्या. एका अवाढव्य ट्रकच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून अंगठा दाखवला. पेट्रोल पंपावरचा माणूस टाकी भरून झाल्यावर म्हणाला, "सावकाश जा साहेब. छान जमतंय."

"बघितलंस?" जावईबापू आरशातून ठकीला म्हणाले. "आपण नीट चालवली ना, की लोकांना बरोबर कळतं."

"हो बाबा," ठकी म्हणाली आणि टोपलीत तोंड घालून बसली.

घर आलं. गाडी त्यांनी फाटकाशी अशी लावली, की मास्तर जागे होऊन म्हणाले, "वा!" हा वा ऐकायला दहा वर्षं लागली होती. जावईबापू छाती पुढे काढून सामान काढायला मागे गेले, आणि तिथेच थबकले.

मागच्या काचेवर भलामोठा, लालभडक 'एल' काढलेला होता.

"मास्तर!" ते ओरडले.

मास्तर लंगडत मागे आले. त्यांनी एल बघितला, मग जावयाकडे बघितलं. "मी नाही बुवा. मी तर झोपलो होतो," ते म्हणाले, आणि ते खरं होतं, जावईबापूंनी स्वतः त्यांचं घोरणं ऐकलं होतं. त्यांनी काचेवर बोट फिरवलं. बोटाला लाल, तेलकट रंग लागला. हा रंग त्यांच्या ओळखीचा होता. बायकोच्या वाढदिवसाला त्यांनीच पसंत करून आणला होता.

"अहो, मला वाटलं, असू द्यावा," बायको म्हणाली. "गाडीत ठकी होती ना."

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांना बहुधा त्यांची दया आली असावी, कारण ते काही न बोलता पुढे झाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. या घरात आपली बाजू घेणारं शेवटी हेच एक माणूस, असं जावईबापूंना भरून आलं.

मास्तरांनी रुमालाने काचेवरची धूळ तेवढी पुसली. मग दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून एल नीट न्याहाळला आणि मुलीपुढे हात केला.

"लिपस्टिक आण बघू," ते म्हणाले. "उद्या बाजारात पण जावईबापूच नेणार आहेत मला. रेघ जरा जाड हवी, लांबून दिसत नाही."