हमावाल्या रुदैनाबाईंनी उचलपूल सर केल्याची हकीकत

सकल गल्लीकरांस विदित व्हावे जे, फ्रिसलंड प्रांती, लेउवार्डन शहरी, कालव्याचे उत्तर काठी राहणाऱ्या रुदैनाबाई हमावाल्या यांनी जून मासी सोमवारी उचलपूल कैसा सर केला, याविषयी त्यांचे यजमान निजार हे चहाचे बैठकीत भलभलते वर्तमान पसरवितात, आणि सर्व यश आपले एका धक्क्याचे म्हणतात. सबब बुधवारचे सायकलवर्गातील समस्त स्त्रियांनी आम्हांस आज्ञा केली जे, तुम्ही या मुलखात वीस वर्षे मुरलेले, ते दिवशी पुलावर जातीने हजर होता, तरी खरे असेल तेच लिहावे. आम्हांसही निजार यांच्या गप्पांचा वीट आलाच होता, म्हणोन लिहितो.

बाईंचे मूळ ठिकाण सिरिया देशीचे हमा शहर. तेथे तीनशे माणसांचे लग्नाचे जेवण बाई एकहाती उठवीत. येथे येऊन अकरा मास जाहले, आणि पावशेर कोथिंबीर आणावयाची तरी निजार यांची मर्जी आणि बसची मर्जी सांभाळावी लागे, हे बाईंस बहुत जाचले. मग दैवे करून वृद्धाश्रमाचे मुदपाकखान्यात चाकरी मिळाली. मुदपाकखान्याच्या मुख्य आफ्केबाई यांनी फर्मावले जे, सोमवारी सकाळी सातास हजर व्हावे, सात म्हणजे सात, पहिलेच दिवशी उशीर जाहल्यास दुसरी बाई तयार आहे. आणि पहिली बस तर सुटे सातावर दहा मिनिटांनी! तेव्हा सायकलीवाचून तरणोपाय नाही ऐसे ठरले.

सायकलविद्येच्या गुरू हेनीमावशी, उमर एकाहत्तर, टपालखात्यात चाळीस वर्षे सायकल दौडविलेल्या. मावशींचा जीव मोठा, आणि तेथेच घात जाहला. शिष्या बसली की पडू नये म्हणोन मावशी मागून ढकलीत. चाकरी मिळण्याआधीपासून ऐसे तेरा बुधवार गेले होते, आणि बाई चालविणे शिकल्या, वळणे शिकल्या, हात काढून इशारत देणे शिकल्या, थांबणेही शिकल्या. परंतु उभी सायकल आपले पायाने चालती करणे राहूनच गेले, आणि हे ध्यानी आले ते आदले दिवशी, रविवारी.

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे मी शिकवलंच नाही की!"

"तुम्ही होतात ना मावशी. मला वाटलं, ढकलायला कुणीतरी असतंच इकडे."

मग सायंकाळपर्यंत खटपट केली, गुडघा फुटला, परंतु साधले नाही. अखेर मसलत ठरली जे, निजार यांनी दारातून ढकलावे आणि बाईंनी वाटेत कोठेच थांबू नये. सिग्नल चुकवून शेताकडील वाट काढली. नाका एकच, तो पूल. आणि तो इतक्या सकाळी उघडत नाही, ऐसे मावशींनी छातीठोक सांगितले.

सोमवारी सहा वाजून पस्तीस मिनिटांस निजार यांनी धक्का देऊन स्वारी रवाना केली आणि मागून ओरडले, "अगं, थांबावं लागलं तर फोन कर! मी येतो ढकलायला!"

"तुम्हाला चपला सापडेपर्यंत नोकरी जाईल माझी!" ऐसे बोलून बाईंनी गल्लीचे वळण घेतले.

बाई पुलाशी भिडतात तो घंटा वाजली, अडसर खाली आला, आणि पूल आकाशाकडे उठला. वाळूने भरलेली एक अजस्र नाव, तिजवर एक कुत्रा, आणि कॉफी पीत बसलेला तांडेल, ऐसा लवाजमा मुंगीचे पावलाने जाऊ लागला. बाईंनी ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि सर्व मसलत बुडाली. मागे परिचारिका, रंगारी, पाववाले मिळोन साठ-सत्तर स्वारांची फौज गोळा जाहली, आणि सर्वांचे अघाडीस बाई! नाव गेली तेव्हा सातास बारा मिनिटे उरली होती. पुढील वाट पायी पंचवीस मिनिटांची.

अडसर वर गेला. बाईंनी पायडल दाबले, सायकल डळमळली, पाय टेकला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मागे घंट्यांचा एकच कल्लोळ उठला. सित्से नामे धिप्पाड रंगारी शेजारी येऊन म्हणाला, "काय बाई, निघताय की इथंच घर बांधताय?"

बाईंस ऐसे वाटले जे, सायकल कालव्यात लोटावी आणि तडक घरी जाऊन दार लावावे. डोळे भरले. परंतु कोथिंबिरीपायी केलेल्या अकरा मासांच्या मिनतवाऱ्या आठवल्या, आणि तोडक्यामोडक्या डच भाषेत बाई स्पष्ट बोलल्या, "मला सुरू करता येत नाही. ढकला."

"एवढंच? मग आधी नाही का बोलायचं!" सित्सेने आपली सायकल जोडीस आणली आणि बाईंचे पाठीवर पंजा ठेविला. "आईला वाऱ्यात मी असाच नेतो. हँडल सरळ धरा, आणि मागं बघायचं नाही."

मग बाई हलल्या, आणि फौज हलली, आणि फळ्यांचा गडगडाट जाहला, आणि पलीकडील काठी सित्सेने "जा आता!" म्हणोन हात काढिला. बाई गेल्या. मागे पाहावे तर तोल जाईल, सबब बाईंनी पुढे पाहूनच आभार मानिले, ते निम्म्या शहराने ऐकिले.

सातास दोन मिनिटे कमी असता बाई घामाघूम होऊन मुदपाकखान्याचे दारी उतरल्या. आफ्केबाई दारातच उभ्या. कोणी दोन शब्द कौतुकाचे बोलेल, ऐसी बाईंस आशा होती.

आफ्केबाई खेकसल्या, "सायकल दारात नको! भाजीची गाडी यायचीय. तिकडे लाव, सगळे लावतात तिथं."

बाईंस प्रथम वाईट वाटले. मग भिंतीकडेस गेल्या. तेथे तेरा सायकली ओळीने उभ्या होत्या, आणि दोहोंमध्ये एकीपुरती जागा होती. तेथे आपली सायकल सरकविताना बाईंचे ध्यानी आले जे, या मुलखात आल्यापासून प्रथमच कोणी "कशी आलीस? कोणी आणून सोडलं?" ऐसे पुसिले नाही. बाई भिंतीकडे तोंड करून थोडे रडल्या, ते लिहिण्यास आम्हांस संकोच नाही.

येणेप्रमाणे उचलपूल सर जाहला, आणि सातास एक मिनिट कमी असता रुदैनाबाई हमावाल्या यांची सायकल आफ्केबाईंचे हुकुमावरून सर्वांचे सायकलींत लागली, हीच फत्ते म्हणोन नमूद केली असे.